लातूरहून परत आलेली मुलगी आणि "काही नाही" हे उत्तर

ओसरी | 12 जून, रात्री 11.40

माझी मुलगी 17 वर्षांची आहे. आम्ही धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. घरची शेती आहे आणि यजमानांचे बी-बियाणे व शेती औषधांचे लहानसे दुकान आहे. दहावीला तिला 96 टक्के गुण मिळाले, तेव्हा तिला लातूरला ठेवायचे की नाही यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही, कारण आमच्या भागात इतके गुण मिळवलेले मूल नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला जाते, हे ठरल्यासारखेच असते.

अकरावीचे वर्ष तिने तिथल्या एका खासगी वसतिगृहात काढले. दिवाळीची सुटी संपवून परत जाताना एसटी स्टँडवरच तिच्या पोटात दुखू लागले आणि आम्ही मेसच्या जेवणाला दोष देऊन मोकळे झालो. मार्चपर्यंत दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळे व्यवस्थित निघाले. मे महिन्यात ती ट्रंक घेऊन घरी आली, ती परत गेलेली नाही. बारावीचे वर्ग सुरू होऊन आठवडा उलटला. ती रात्री तीन-साडेतीनपर्यंत जागी असते, दुपारी बारापर्यंत उठत नाही, ताटातले अन्न चिवडत बसते. धाकट्या भावाने पेन घेतले एवढ्यावरून परवा तिने स्वतःचीच वही फाडली. काय झाले असे विचारले की उत्तर एकच मिळते, "काही नाही."

यजमान म्हणतात की हे वयच असे असते आणि दोन महिने घरी लाड झाल्यामुळे अभ्यासाचा कंटाळा आला आहे. सासूबाईंना बाहेरचे काहीतरी असल्याची शंका आहे. मला यातले काहीच पटत नाही. पण मला काय वाटते हेही धड सांगता येत नाही. ही वयाची चिडचिड आहे की आजार, हे घरच्या माणसाने ओळखावे कसे? आणि आजार असेल तर आमच्यासारख्यांनी जावे कुठे?

खडूफळा | 13 जून, सकाळी 6.15

ताई, मी 26 वर्षे नववी-दहावीला गणित शिकवतो आहे. आम्हा शिक्षकांचे लक्ष गडबड करणाऱ्या मुलांकडे जाते. हळूहळू गप्प होत जाणारे मूल आम्हाला शहाणे वाटते, आणि तिथेच आमची फसगत होते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या वहीत ऑगस्टपर्यंत प्रत्येक पानावर लाल पेनाने आखलेला समास आणि कोपऱ्यात तारीख असे. सप्टेंबरात समास गेला, मग तारीख गेली, आणि नोव्हेंबरात उदाहरणे अर्ध्यावर सोडलेली दिसू लागली. मी त्या वहीवर "आळस सोडा" असा शेरा मारला. त्या मुलाच्या घरात काय चालले होते आणि त्याच्या मनात काय चालले होते, हे मला वर्षभरानंतर समजले. त्यानंतर मी एकच सवय लावून घेतली आहे. हे मूल इतर मुलांच्या मानाने कसे आहे हे न पाहता, ते सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःच्या मानाने कसे आहे, हे मी पाहतो. तुमच्या मुलीने पूर्वी आवडीने करत असलेले काय काय सोडले, ते आठवून लिहाल का?

ओसरी | 13 जून, दुपारी 2.05

सर, रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे ती आजोबांबरोबर सोडवत असे. आता पुरवणी तशीच पडून राहते. मैत्रिणीचा फोन आला तर आंघोळीला गेल्याचे सांगायला लावते. केसांना तेल मात्र अजून माझ्याकडूनच लावून घेते.

समांतर | 13 जून, रात्री 9.30

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून काम करते. इथे बसून निदान करणे योग्य नव्हे, तरीही आपण विचारलेल्या दोन्ही प्रश्नांना जमेल तसे उत्तर देते.

नैराश्य म्हटले की कोपऱ्यात रडत बसलेले माणूस आपल्या डोळ्यांसमोर येते. किशोरवयात ते पुष्कळदा तसे दिसत नाही; उदासीपेक्षा चिडचिडच वर दिसते, आणि आजाराचे निकष ठरवतानाही या वयासाठी चिडचिड हे लक्षण उदासीच्या बरोबरीचे धरले जाते. तपासणीत काहीही न सापडणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी हीदेखील आमच्याकडे येणाऱ्या मुलांची नेहमीची तक्रार असते. ती दुखणी खोटी नसतात. पोट खरोखर दुखते. सोनोग्राफीत दिसण्यासारखे त्यात काही नसते, इतकेच. आम्ही तीन गोष्टी पाहतो: हे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज चालले आहे का, आवडीच्या गोष्टी सुटल्या आहेत का, आणि झोप, जेवण, अभ्यास, मैत्री यांतले किती बिघडले आहे. वयाची चिडचिड असेल तर मूल आईवर आदळआपट करते आणि संध्याकाळी मैत्रिणीबरोबर खिदळते. आपल्या मुलीने मैत्रीणही टाळली आहे, म्हणून मी याला वय म्हणून सोडून देणार नाही.

झोपेबद्दल एक गैरसमज दूर करते. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे या मुलांना उशिरा झोप लागते, आणि गरज मात्र 8 ते 10 तासांची असते. (आपल्या राज्याने 2024 मध्ये सकाळी 9 नंतर शाळा भरवण्याचा निर्णय घेतला तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी, ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते ती मुले त्यात नाहीत.) परंतु तीनपर्यंत जागरण आणि त्याच्या जोडीला वरची सगळी लक्षणे असतील, तर केवळ घड्याळाला दोष देता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. तिला मरणाचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारा. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला वाटते. अभ्यासांतून मात्र तसे आढळलेले नाही, उलट विचारल्यावर बहुतेक मुलांना सुटल्यासारखे वाटते. समोरासमोर बसवून चौकशी करू नका. केसांना तेल लावताना तिचे तोंड आपल्याकडे नसते, आणि या वयाच्या मुलांना तेच सोयीचे पडते. "तुला जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे कधी मनात येते का?" इतक्या साध्या शब्दांत विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी हातातले काम चालू ठेवावे. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कुठे जावे, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. नेहमीसारखा केसपेपर काढायचा असतो. 10 ते 19 वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत "मैत्री" नावाची क्लिनिक आहेत, तिथूनही सुरुवात करता येते. रात्री-अपरात्री टेलिमानस ही फोनवरील मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतून मिळते. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण या दोन्हींच्या बिघाडाने मुली अशाच मलूल आणि चिडचिड्या होतात.

जुने_जाणते | 14 जून, सकाळी 8.20

माझे मत अनेकांना आवडणार नाही. आम्ही पाच भावंडे एका खोलीत वाढलो, वडिलांचा मार खाल्ला, मॅट्रिकला दोन वेळा गटांगळ्या खाल्ल्या आणि तरीही उभे राहिलो. आज मूल जरा हिरमुसले की त्याला आजाराचे नाव मिळते, आणि एकदा नाव मिळाले की मूलही त्या नावाआड लपते. मुलीच्या जातीला असा कागद चिकटला तर पुढे लग्नाच्या वेळी काय, याचाही विचार आईने करावा. हा प्रश्न खरोखर इतका मोठा आहे का, की शहरातले लोण गावात आले आहे?

समांतर | 14 जून, दुपारी 1.10

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून आकड्यांतच उत्तर देते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये निदान करण्याइतका मानसिक आजार आढळला. महानगरांत हे प्रमाण 13.5 टक्के होते, आणि ग्रामीण भागात 6.9 टक्के. महानगरांत ते जवळजवळ दुप्पट आहे, म्हणजे हे शहरात जास्त आहे हे आपले म्हणणे खरे ठरते. परंतु ग्रामीण भागातील 6.9 टक्के म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत सहा-सात मुले, हेही तितकेच खरे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले होते, आणि ती संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

नावाआड लपण्याचे म्हणाल, तर चुकीचे नाव देणे वाईटच. आमच्याकडे आणलेल्या कित्येक मुलांना औषधच काय, निदानही लागत नाही; चार वेळा बोलून आणि घरच्यांना दोन गोष्टी समजावून ती घरी जातात.

कागदाबद्दल सांगायचे तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे.

उत्तररात्र | 15 जून, रात्री 2.35

मी आज 23 वर्षांची आहे. लातूर नव्हे, पण अशाच एका शहरात मी दोन वर्षे काढली, त्यांतले दुसरे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचमध्ये. म्हणून ओसरीताईंच्या मुलीच्या बाजूने लिहिते. जुने_जाणते काकांनाही त्यात उत्तर मिळेल.

आमच्याकडे दर रविवारी परीक्षा असे आणि संध्याकाळी सर्वांच्या गुणांची क्रमवार यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडे. 720 पैकी गुण, आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. क्रमांकानुसार बॅच बदलत असे, त्यामुळे रूम पार्टनरपेक्षा आपण खाली गेलो तर सोमवारी दोघींचे वर्ग वेगळे होत. माझा क्रमांक 40 वरून 190 वर गेला त्या महिन्यात मी मेसमध्ये सर्वांत शेवटी जाऊ लागले, म्हणजे कोणी भेटायला नको. घरी फोनवर मी काय सांगत होते? काही नाही. कारण एक वाक्य सांगितले असते तर त्यामागे फी, वडिलांचे कर्ज, "तुझ्यासाठी एवढे केले" हे सगळे ऐकावे लागले असते, आणि ते सगळे मला आधीच पाठ होते. "काही नाही" या उत्तराचा अर्थ पुष्कळदा "जे आहे ते सांगितले तर तुम्हाला झेपणार नाही" असा असतो.

काका, तुम्ही पाच भावंडे एका खोलीत होता. माझ्या खोलीत तीन मुली होत्या आणि तिघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या.

मला बरे करणाऱ्या गोष्टींत उपचार होते, आणि आत्याचे एक वाक्यही होते. तिने मला न्यायला येताना सांगितले, "पुढचे काय ते दिवाळीनंतर ठरवू, तोपर्यंत कोणी विचारणार नाही," आणि खरोखर कोणी विचारले नाही. ताई, तुमची मुलगी परत जायचे की नाही या प्रश्नाखाली रोज झोपत आणि रोज उठत असेल. तो प्रश्न काही काळ घरातून बाहेर काढा.

खडूफळा | 15 जून, सकाळी 7.00

वरच्या यादीबद्दल एक सांगणे आवश्यक वाटते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती खासगी क्लासनाही लागू आहेत. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि चारचौघांत विद्यार्थ्यांना लाजवणे शक्यतो टाळावे, तसेच 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे त्यांत म्हटले आहे. पालकांनी मिळून संस्थेकडे लेखी विचारणा करून पाहावी. एकट्या पालकाचे कोणी ऐकत नाही, हेही मी जाणतो.

(उत्तररात्र यांचा प्रतिसाद पहाटेचा, पण वाचला सकाळी, तो मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवणार आहे.)

मांडवीकाठ | 15 जून, संध्याकाळी 6.45

समुपदेशक नेमावा हे ठीक. पण तो कोण असावा, याकडेही लक्ष द्यावे. 1996 पासून गोव्यात काम करणाऱ्या संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी राबवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तरीही त्यांच्या शाळांत वातावरण सुधारले आणि मुलांमधील नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत फरक पडला नाही. खडूफळा सरांसारखे शिक्षक असतात, हे मान्य. परंतु सकाळी गुण कापणाऱ्या माणसापाशी दुपारी मन मोकळे करणे मुलाला जड जाते. भारतात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा भरत नाही, त्यामुळे अशी मधली फळी उभी केल्याखेरीज गत्यंतर नाही.

बांधावरचा | 15 जून, रात्री 10.20

मी शेतकरी आहे. माझ्या मुलाचे दोन वर्षांपूर्वी असेच झाले, म्हणून बाप म्हणून दोन गोष्टी लिहितो.

ओसरीताई, आपले दुकान शेती औषधांचे आहे आणि शेतावरही औषध असणार. आज रात्रीच सगळे कुलपात घाला आणि किल्ली आपल्या कमरेला ठेवा. मुलीवर संशय म्हणून नव्हे. अशा आजारात जिवावर उठणारा क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तो टळेपर्यंत हाताशी काही नसणे हेच माणसाला वाचवते. मला हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते आणि मी उत्तर देऊ शकलो नव्हतो, कारण आमच्याकडे डबे गोठ्यातच असत.

दुसरी गोष्ट नैराश्यावरच्या औषधांची. या गोळ्यांची सवय लागते, माणूस सुन्न होतो, असे मलाही सांगितले गेले होते. आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावले. 12 ते 17 वर्षांच्या नैराश्यग्रस्त मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, 12 आठवड्यांनी गोळी आणि बोलण्याचे उपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के सुधारले, नुसत्या फ्लुऑक्सेटिन गोळीने 61 टक्के, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने 43 टक्के आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने 35 टक्के. पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांत जीव देण्याचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच वर्षी दिला, म्हणून त्या काळात मुलाच्या खोलीत मी स्वतः झोपत होतो. गोळी मनाने सुरू करू नये आणि मनाने बंदही करू नये. माझ्या मुलाची नऊ महिन्यांनी हळूहळू कमी करत बंद केली.

पोलिसांच्या भीतीने काही लोक दवाखान्यात जायचे टाळतात, त्यांच्यासाठी: जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुन्या दंड संहितेतले 309 कलम ठेवलेले नाही.

जुने_जाणते | 16 जून, सकाळी 9.00

माझे सगळे मत बदललेले नाही. परंतु लग्नाबद्दलचे वाक्य मी लिहायला नको होते. त्या काळी आमच्या वर्गातल्या एका मुलाने विहीर जवळ केली होती, आणि आम्ही त्याला आजवर "अभ्यासाला भ्याला" असेच म्हणत आलो.

ओसरी | 17 जून, रात्री 11.15

सर्वांचे प्रतिसाद मी यजमानांना वाचून दाखवले. बांधावरचा यांचा प्रतिसाद ऐकून ते काही न बोलता उठले आणि रात्री दहा वाजता दुकान उघडून औषधांच्या कपाटाला नवे कुलूप लावून आले.

रविवारी तेल लावताना मी तिला विचारले. माझा हात थरथरत होता, पण थांबवला नाही. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मरावे असे नाही वाटत, आई. सकाळी उठूच नये असे वाटते." मग तिने फोन आणून मला तिच्या क्लासच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचे जुने संदेश दाखवले, जे तिने एका मैत्रिणीकडून मागवून घेतले होते. दर रविवारी यादी पडल्यावर इतर पालक अंगठा किंवा फुले पाठवत. तिच्या बाबांनी ऑक्टोबरपासून दर वेळी फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवले होते. असे 19 रविवार तिने मोजून ठेवले होते. यजमानांना ते आठवतही नव्हते. त्यांना क्लासवाल्यांना जाब विचारायचा होता, मुलीला नव्हे.

मंगळवारी जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढला. डॉक्टरांनी आधी तिच्याशी एकटीशी चाळीस मिनिटे बोलणे केले आणि नंतर आम्हाला आत घेतले. हिमोग्लोबिन 9.2 निघाले, त्याच्या गोळ्या सुरू केल्या. मध्यम स्वरूपाचे नैराश्य आहे असे सांगितले. दर आठवड्याला समुपदेशन, आणि तीन आठवड्यांत फरक न पडल्यास औषधाचा विचार. सासूबाईंनी अंगारा आणलाच होता. समांतर यांना व्यक्तिगत संदेशातून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की केसपेपर चुकत नसेल तर अंगाऱ्यावरून घरात भांडण नको.

उत्तररात्र | 18 जून, रात्री 1.50

"उठूच नये" हे वाक्य हलके धरू नका, डॉक्टरांना ते याच शब्दांत सांगा. बाकी, बाबांनी तिला त्या प्रश्नचिन्हाबद्दल काही सांगितले का?

ओसरी | 21 जुलै, रात्री 9.40

उशिरा लिहिते आहे. ते वाक्य डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी फोनवरून कळवले होते. औषध 8 जुलैपासून सुरू झाले, पहिले चार दिवस मळमळ होती, आता नाही. मी तिच्या खोलीतच झोपते. लातूरचा प्रवेश रद्द करून बारावीला इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात नाव घातले आहे. नीटचे काय ते दिवाळीनंतर ठरवू, असे यजमानांनी तिच्यासमोर सांगितले. प्रश्नचिन्हाबद्दल ते तिच्याशी सरळ बोलू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून त्यांनी तिच्या फोनवर "जेवलीस का" असा संदेश पाठवला, आणि तेव्हापासून रोज दुपारी तोच पाठवतात. ती कधी उत्तर देते, कधी देत नाही.

झोप अजून रात्री एकच्या आधी लागत नाही. शब्दकोडे एकदा अर्धे सोडवले. परवा भावाशी पुन्हा त्याच पेनावरून भांडण झाले. काय झाले असे मी विचारले, तर त्याच्याविरुद्धच्या चौथीपासूनच्या सगळ्या तक्रारी तिने मला पाऊण तास उभे करून ऐकवल्या.